स्टील स्प्रिंग की एअर सस्पेन्शन? जोरदार एसयूव्हीत राइड नक्की कशाने बिघडते?

चौथा_गिअर
नमस्कार मंडळी. गाडी बदलायची आहे, मोठी आणि जोरदार एसयूव्हीच घ्यायची हे घरात ठरलंय, त्यावर वाद नको :) वाद आहे तो सस्पेन्शनवर. मनात पोर्शे कायेन पहिल्या नंबरला, मागोमाग ऑडी आरएस क्यू८ आणि बीएमडब्ल्यू एक्स५ एम. आत्ताची गाडी (नाव घेत नाही) २२ इंची चाकांवर आहे, मला चालवायला मजा येते पण मागे बसलेली मंडळी थोड्या वेळाने गप्प होतात आणि मग कुठेतरी थांबव म्हणतात.

गोंधळ असा झालाय की कायेनच्या दोन गाड्या चालवून बघितल्या. एक साध्या स्टील स्प्रिंगची, २० इंची चाकं. दुसरी एअर सस्पेन्शनवाली (स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या), २२ इंची. वाटलं एअरवाली एकदम मऊ चालणार. झालं उलटंच. लांबट चढउतारावर ती मस्त गेली, पण पुलावरचे जोड, मॅनहोलची झाकणं, खरवडून ठेवलेला डांबराचा पट्टा असं काही आलं की खालून ठक ठक थेट पाठीला. स्टीलवाली तिथे गपचूप निघून गेली. मग एअर घ्यायचं तरी कशाला? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

बुशिंगबाबा
अहो तुम्ही सस्पेन्शनची तुलना केलीच नाही, टायरची केलीत.

२०१७ साली आलेल्या कायेनच्या पुढच्या टायरचे साइझ बघा. १९ इंचीला २५५/५५, २० ला २७५/४५, २१ ला २८५/४० आणि २२ ला २८५/३५. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. गुणाकार केला की १९ वर रबराची उंची १४० मिमी, २० वर १२४, २१ वर ११४ आणि २२ वर फक्त १००. मागे तर २२ ला ३१५/३० येतो म्हणजे ९५ मिमीच्या आत. बाहेरून टायरचा व्यास सगळ्यांचा ७६० च्या आसपासच आहे, त्यामुळे चाक मोठं झालं म्हणजे गाडी उंच झाली असं काही नाही, धातू वाढला आणि रबर कमी झालं एवढंच.

आता रस्त्याच्या जोडाची धारदार कड आली की सगळ्यात आधी दबतो तो टायर. स्प्रिंग आणि शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) हलायला लागेपर्यंत अर्धं काम टायरने उरकलेलं असतं, किंवा उरकलेलं नसतं. आणि मोठं अलॉय (चाकाचा धातूचा भाग), रुंद टायर म्हणजे चाकाचं वजनही जास्त, ते एकदा वर उसळलं की त्याला आवरायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं. तुमच्या पाठीला लागलं ते हे.

एअर स्प्रिंगचा स्वतःचाही एक दोष आहे, तो सेल्समन सांगत नाही. तिच्यात रबराची जाड पिशवी असते, आत धाग्यांचे थर असतात, ती घडी होत उलगडत वरखाली होते. मोठ्या हालचालीत काही जाणवत नाही, पण अगदी बारीक आणि झटपट हादऱ्याला ते रबर पटकन दुमडत नाही, थोडं अडतं. स्टीलच्या कॉइलला हा प्रकार नाही. म्हणून एअर + २२ ही जोडी शोरूममध्ये छान दिसते आणि खडबडीत रस्त्यावर उघडी पडते. एअर + २० चालवून बघा मग बोलू.

टॉर्कमामा
बाबा सहमत, पण २० इंची चाकांवर ही गाडी खुजी दिसते त्याचं काय करायचं? मोठाले ब्रेक घेतले तर तसंही लहान चाक बसत नाही.

बुशिंगबाबा
@टॉर्कमामा दिसायला चांगली हवी तर २१ घ्या आणि थांबा तिथे. मागे बसणाऱ्याला चाक दिसत नाही.

मागची_सीट
अगदी मनातलं बोललात. मी या गाड्यांत कायम मागेच बसते, हे चालवतात आणि मी व पोरगं मागे. मला खड्ड्याच्या दणक्याचं एवढं काही नाही वाटत, दणका बसला संपला. खरा त्रास होतो तो डोकं डावीकडून उजवीकडे हलतं त्याचा. म्हणजे रस्ता दिसायला सरळ असतो पण एका बाजूचं चाक जरा खाली गेलं की अख्खी गाडी एकदम कलंडून परत सरळ होते, असं सतत, मान दुखते आणि पोरगं खिडकीवर डोकं आपटून जागं होतं. हे कम्फर्ट मोडमध्ये पण होतं. आमच्यात एअर सस्पेन्शन आहे तरी होतं. हे कशाने?

शॉकअप_शास्त्री
@मागची_सीट हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

ते अँटी रोल बारमुळे होतं. डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारा एक स्टीलचा दांडा असतो, पुढे एक मागे एक. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकायला लागली की हा दांडा पिळला जातो आणि झुकू देत नाही. या एसयूव्ही दोन टनांच्या वर वजनाच्या, उंच, आणि चालवायच्या मात्र स्पोर्ट्स कारसारख्या, त्यामुळे बार जाड घालावे लागतात. पण बारला काय माहीत की गाडी वळणावर आहे की सरळ रस्त्यावर. सरळ जाताना एकच चाक खड्ड्यात गेलं तरी तो पिळला जातो आणि त्या हालचालीत दुसऱ्या बाजूलाही ओढतो, मग गाडी उभी न हलता आडवी हलते. आणि तुम्ही उंचावर बसलेल्या, जितकं उंच तितकं डोकं जास्त फिरतं. स्प्रिंग हवेची असो नाहीतर स्टीलची, बार जाड असेल तर हे होणार.

यावर उपाय म्हणजे अ‍ॅक्टिव्ह बार. दांडा मधोमध कापून त्यात इलेक्ट्रिक मोटर बसवतात, चालते ४८ व्होल्टवर. सरळ रस्त्यावर मोटर दोन्ही अर्धे जवळपास मोकळे सोडते, प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं, आणि वळण आलं की काही मिलिसेकंदांत पिळून धरते. २०१६ च्या ऑडी एसक्यू७ मध्ये हे होतं, कायेनमध्ये २०१७ च्या पिढीपासून पीडीसीसी नावाने ऑप्शनला मिळतं, एका अ‍ॅक्सलला (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीला) १२०० न्यूटन मीटरपर्यंत जोर लावतं. आरएस क्यू८, लॅम्बोर्गिनी उरुस, अ‍ॅस्टन मार्टिन डीबीएक्स यांतही हीच कल्पना आहे. लोक याला वळणावर गाडी सपाट ठेवायचं खेळणं समजतात. माझ्या मते त्याचा खरा फायदा सरळ रस्त्यावर मागे बसलेल्यांना होतो. एअर आणि अ‍ॅक्टिव्ह बार यांतलं एकच घ्या म्हटलं तर मी डोळे झाकून बार घेईन.

निवांत_चालक
वाचनखूण साठवली. शास्त्रीबुवा मोडचं पण सांगा ना, आमच्या गाडीत कम्फर्ट लावला की बायकोला मळमळतं आणि स्पोर्ट लावला की मला कंबर. मग नॉर्मलवरच पडून असते, बाकीची बटणं शोभेला.

शॉकअप_शास्त्री
@निवांत_चालक दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हीची कारणं वेगळी.

माणसाचं शरीर वेगवेगळ्या गतीच्या हादऱ्यांना वेगवेगळं वागतं. उभ्या दिशेने सेकंदाला ४ ते ८ वेळा हलवलं तर ते सगळ्यात जास्त टोचतं, पोटातले अवयव आणि पाठीचा कणा त्याच पट्ट्यात साथ देतात. उलट अगदी संथ हेलकावा, सेकंदाला अर्ध्याहूनही कमी, टोचत नाही पण मळमळ आणतो. बोट लागते ती याच पट्ट्यात. मधे एक सुखाचा टापू आहे, सेकंदाला १ ते दीड, साधारण संथ चालताना आपलं अंग जितकं वरखाली होतं तितकं. म्हणून गाडीची बॉडी स्प्रिंगवर याच गतीने हलावी असं बघतात.

आता कम्फर्ट मोडमध्ये बऱ्याच गाड्या शॉकअप इतका ढिला सोडतात की उंचवट्यावरून उतरल्यावर बॉडी एकदा नाही, दोन तीनदा डोलते, त्यात रस्ता वळणावळणाचा असेल तर गाडी झुकतेही हळूहळू. सगळं संथ पट्ट्यात. पोट ढवळणारच. स्पोर्टमध्ये डोलणं बंद होतं पण शॉकअप कडक, मग रस्त्यावरचं बारीकसारीक सगळं त्या ४ ते ८ च्या टोचऱ्या पट्ट्यात आत येतं. चाक स्वतः उसळतं ते आणखी वेगात, सेकंदाला १० ते १५ वेळा, ते स्टिअरिंगमध्ये आणि फ्लोअरमध्ये थरथर म्हणून कळतं.

म्हणजे शॉकअपला एकाच वेळी दोन कामं करायचीत, बॉडीला धरून ठेवायचं आणि चाकाला मोकळं सोडायचं. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅडॅप्टिव्ह (कडकपणा आपोआप बदलणाऱ्या) शॉकअपमध्ये तेलाची वाट कमीजास्त करणारा एकच व्हॉल्व्ह, दबताना आणि उघडताना दोन्हीकडे तोच, एक घट्ट केलं की दुसरंही होतं. २०२३ च्या कायेनमध्ये दोन व्हॉल्व्हचे शॉकअप आले, दबण्याचा वेगळा आणि उघडण्याचा वेगळा. चाक वर येताना सहज येऊ द्यायचं, खाली जाताना बॉडीला धरून ठेवायचं. आणि हे स्टील स्प्रिंगच्या साध्या गाडीतही स्टँडर्ड आहेत. चौथा_गिअर यांना ती गाडी आवडली त्यात याचाही वाटा असणार.

टॉर्कमामा
पण त्याच वेळी पोर्शेने एअर स्प्रिंगचे तीन चेंबर होते ते दोन केले ना? ही काटकसर आहे आणि तुम्ही लोक टाळ्या वाजवताय. तीन चेंबरची जुनी गाडी चालवली आहे मी, मोड बदलला की वेगळीच गाडी वाटायची.

शॉकअप_शास्त्री
@टॉर्कमामा चेंबर म्हणजे हवेची जागा. सगळे उघडे ठेवले की हवा जास्त, स्प्रिंग मऊ. एक दोन बंद केले की तेवढीच हालचाल थोड्या हवेला दाबते, स्प्रिंग कडक. तीन असले तर पायऱ्या जास्त मिळतात हे बरोबर. पण स्प्रिंग कडक करून मिळवायचं ते बरंचसं आता दोन व्हॉल्व्हवाला शॉकअप करतो, तेही हालचाल चालू असताना. मोडमधला फरक कमी जाणवत असेल, पण कम्फर्टमधली कमी झोल खाणारी गाडी मला जास्त पटते. काटकसरही असेलच, कंपन्या काही देवळं बांधत नाहीत.

अवांतर_अण्णा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अवांतर: या सगळ्याच्या किती आधी सित्रोएन डीएस मध्ये १९५५ ला गॅस आणि तेलाचं सस्पेन्शन होतं, चारी चाकांना, उंची कमीजास्त होणारं. तिच्यावर २२ इंची चाकं घाला असं कोणी म्हणालं नव्हतं.

टॉर्कमामा
बरं मग मला सांगा, लॅम्बोर्गिनीने २०२२ मध्ये उरुस परफॉर्मान्टे काढली तेव्हा एअर काढून स्टील का घातलं, गाडी २० मिमी खाली करून? बीएमडब्ल्यू एक्स५ एम मध्ये एअर का नाही, साध्या एक्स५ ला मिळतं की. ज्याला खरं चालवायचंय तो स्टील घेतो. हवेवर बसलेल्या गाडीत पुढचं चाक काय करतंय ते हातात येत नाही.

बुशिंगबाबा
मामा, आरएस क्यू८ ने २०१९ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग रेस ट्रॅकवर एका फेरीला ७ मिनिटं ४२ सेकंद काढले, कायेन टर्बो जीटीने २०२१ मध्ये ७ मिनिटं ३८.९. दोन्ही एअरवर. हवेने वेग मारला जातो हे काही खरं नाही. परफॉर्मान्टेचं स्टील वजन कमी करायला आणि तो स्वभाव द्यायला आहे, त्यात चूक काही नाही, पण ती गाडी घेणारा मागच्या सीटवर कोण बसणार हे विचारत नसतो. एक्स५ एम मध्ये स्टील आणि शिवाय पुढे २१ मागे २२ चाकं आहेत, बार मात्र अ‍ॅक्टिव्ह आहेत, त्यामुळे वळणावर कमाल. खराब रस्त्यावर संथ चालवली तर ती अंगावर येते. धागाकर्त्याला घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर या तिघींत ती शेवटी.

हातात येण्याचं म्हणाल तर मान्य. स्टीलवर थोडं जास्त कळतं.

निवांत_चालक
मग सगळ्यात भारी काय आहे आजच्या घडीला? पैसे नाहीत, नुसतं विचारतोय.

शॉकअप_शास्त्री
नुसतं विचारायला काय जातंय :) दोन उदाहरणं सांगतो. २०२२ च्या फेरारी पुरोसांग्वेमध्ये साधी कॉइल स्प्रिंगच आहे, पण प्रत्येक शॉकअपला ४८ व्होल्टची मोटर जोडलेली. ती शॉकअपला नुसतं अडवत नाही, हवं तर ढकलते किंवा ओढते. त्यामुळे नेहमीचा अँटी रोल बारच लागत नाही, जी गोष्ट मागची_सीट यांच्या मानेला त्रास देते तीच काढून टाकली. चाकं पुढे २२, मागे २३. दुसरी २०२३ ची रेंज रोव्हर स्पोर्ट एसव्ही, एअर स्प्रिंग आहे पण बार इथेही नाहीत, चारही शॉकअप तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेत, गाडी झुकायला लागली की तेलाच्या दाबाने आवरली जाते आणि ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणंही तसंच आवरतात.

दोन्हीकडे बार गेलाय बघा, स्प्रिंग मात्र एकीकडे स्टीलची एकीकडे हवेची. म्हणून म्हणतो, स्टील की एअर या भांडणात अर्धी शक्ती फुकट जाते.

चौथा_गिअर
बापरे, एवढं मटेरियल. म्हणजे चाक आधी, मग बार, मग स्प्रिंग, असा क्रम लावू का? आणि एअरचा काहीच फायदा नसेल तर सोडूनच देतो, पुढे जाऊन ती पिशवी फुटली की खर्च आहेच.

बुशिंगबाबा
क्रम बरोबर. पण एअरला एवढं झटकू नका. स्टीलच्या स्प्रिंगची अडचण ही की ती पूर्ण भरलेल्या गाडीलाही पेलली पाहिजे, म्हणून एकटा माणूस बसलेला असताना गरजेपेक्षा कडक लागते, आणि पाच जण अन डिकी भरली की मागून बसते. एअरमध्ये वजन वाढलं की पंप दाब वाढवतो, उंची तीच राहते आणि दाबाबरोबर स्प्रिंगचा कडकपणाही त्याच मापात वाढतो, त्यामुळे गाडी रिकामी असो की भरलेली, डोलण्याची गती जवळपास सारखी. हा गुण साध्या स्टीलला जमत नाही. शिवाय वेगात गाडी खाली बसते, खराब वाटेवर वर उचलता येते. तुमची गाडी बहुतेक वेळा भरलेली असणार असेल तर एअरला अर्थ आहे. एकटेच चालवणार असाल तर स्टील आणि २० इंची चाकं, सुखात राहाल.

जुना_मालक
एअर दहा वर्षं जुन्या गाडीत सांभाळतोय म्हणून लिहितो. मोठा बोभाटा करतात तेवढं काही नाही पण लक्ष ठेवावं लागतं. पिशवी एकदम फुटत नाही शक्यतो. घडी पडते तिथे रबराला बारीक चिरा जातात आणि हवा हळू झिरपते. खूण सोपी, रात्री सपाट जागी लावलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते आणि सुरू केल्यावर कंप्रेसर नेहमीपेक्षा जास्त वेळ घुंई करत राहतो. तिथेच थांबायचं नसतं, कारण लोक म्हणतात वर तर येतेय ना, आणि कंप्रेसर रोज जास्तीचं काम करून करून जळतो, मग पिशवीच्या जोडीला कंप्रेसरचंही बिल. साबणाचं पाणी मारून बुडबुडे येतात का बघायचं, पिशवीच्या घडीत आणि नळीच्या जोडावर. कंप्रेसर बदलला तर त्याचा ड्रायर (हवेतला ओलावा शोषणारा) आणि रिलेही बदलून घ्या, ड्रायर ओला राहिला तर पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातं. आणि गाडी धुताना घडीत अडकलेली माती नीट काढा, ती घासून घासूनच रबर जातं.

मला एका वर्कशॉपने चारही बदलायला सांगितल्या होत्या, कंप्रेसरसकट. दुसरीकडे नेली तर एका नळीचा जोड सैल होता. कोणाचं नाव घेत नाही, पण आधी साबणाचं पाणी.

मागची_सीट
टायरमधल्या हवेचं कोणीच बोललं नाही? आमच्याकडे नवीन गाडी आली तेव्हा पहिले काही दिवस फार आदळायची, मग यांनी हवा तपासली तर बरीच जास्त होती.

बुशिंगबाबा
अरे हो, हे राहूनच गेलं. कारखान्यातून गाड्या पाठवताना टायरमध्ये हवा जास्त भरतात, उभ्या राहून चपटे पडू नयेत म्हणून, आणि ताब्यात देण्याआधी कमी करायची असते, ती कोणीतरी विसरतं. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीतही हेच होतं. दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतं त्यावर कमी वजनाचा आणि पूर्ण वजनाचा असे वेगळे आकडे असतात, लोक नेहमी मोठा आकडा भरून मोकळे होतात. टायर गार असताना बघा, तापमान १० अंश वाढलं की दाब साधारण ०.१ बार (हे दाबाचं एकक, तो दांडा नव्हे) वर जातो. आणि रन फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) असतील तर त्यांची साइडवॉल मुळातच जाड आणि कडक, तिथे सस्पेन्शनला शिव्या देऊन उपयोग नाही. हवा स्टिकरपेक्षा कमी मात्र करू नका मऊपणाच्या नादात, एवढ्या वजनाची गाडी आणि पातळ टायर, एका खड्ड्यात रिमला तडा जाईल.

शॉकअप_शास्त्री
@चौथा_गिअर टेस्ट ड्राइव्हला परत जाणार असाल तर त्यांनी ठरवलेल्या गुळगुळीत रस्त्यावर जाऊ नका, तुमच्या नेहमीच्या खराब रस्त्यावर न्या, आणि जोरात नको, ३० ते ४० ने चालवा कारण राइड उघडी पडते ती कमी वेगात, वेगात सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. एकाच बाजूचं चाक झाकणावरून जाईल असं बघा आणि त्या क्षणी मागे बसलेल्याचं डोकं कुठे जातं ते बघायला सांगा. पाऊण वेळ तुम्ही स्वतः मागे बसा. सेल्समनला विचित्र वाटेल, वाटू द्या.

चौथा_गिअर
अपडेट देतो. एअर + २० इंची + अ‍ॅक्टिव्ह बार अशी एक कायेन चालवायला मिळाली, आधी हवा तपासून घेतली (जास्तच होती, बाबा!). मी मागे बसलो, घरचे पुढे. खरवडलेल्या डांबराच्या पट्ट्यावर आवाज आत येतो, पण पाठीला ते ठक ठक लागत नाही. एकाच बाजूच्या झाकणावर गाडी हलली पण डोकं जागेवर राहिलं, हा फरक आमच्या गाडीत आणि हिच्यात सगळ्यात मोठा वाटला. स्टील + २० पेक्षा बारीक खडखडीत उन्नीस बीस मागेच आहे असं माझं मत, बाकी सगळ्यात पुढे. आमच्यात गाडी नेहमी भरलेलीच असते त्यामुळे हेच घेतोय. २१ ची चाकं दिसायला छान आहेत हो, पण नको. आरएस क्यू८ चालवलीच नाही, तिची चाकं २२ पासूनच सुरू होतात.

एक शेवटचं विचारतो, पंक्चर झालं तर एअरवाली गाडी जॅकवर घेताना काही वेगळं करावं लागतं का?

जुना_मालक
हो, आधी मेनूत जाऊन लेव्हलिंग (उंची आपोआप सारखी ठेवणं) बंद करायचं, जॅक मोड किंवा तत्सम नाव असतं. नाहीतर गाडी उचलली की एक कोपरा वर गेला असं तिला वाटतं आणि ती हवा सोडून तो खाली आणायला बघते. टायरवाल्याला हे माहीत असेलच असं नाही, लिफ्टवर चढवायच्या आधी तुम्हीच करून द्या. काम झाल्यावर परत चालू करायचं.

टॉर्कमामा
अभिनंदन. रंग कोणता घेतला?